दंडाचं लुगडं

माझ्याकडं लुगडी येतात ती फाटली म्हणून. नेसून नेसून लुगडं मधेच विरतं. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडची धड टोकं एकमेकांना शिवायची, याला आमच्याकडं दंड घालणं म्हणतात. वाडीतल्या निम्म्या बायका दंडाच्या लुगड्यात भाताची आवणी करतात आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही. पण चांगलं धडधाकट लुगडं माझ्यापुढं टाकून ‘काप’ म्हणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. झुंबरआत्या.

नात्यानं त्या माझ्या चुलत सासू. आहुप्याच्या अलीकडं आमची वाडी, आणि त्यांचं घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून. मी माहेरची घोडेगावची, शिवणक्लास केलेली. म्हणून सरकारी योजनेतलं शिलाई मशीन माझ्या ओटीवर आलं, आणि त्याच्याबरोबर सगळ्या वाडीच्या चिंध्याही आल्या. तोंडानं मी फटकळ आहे. आत्यांना ते चालायचं, कारण त्याही काही कमी नव्हत्या.

हिरडा वेचायचे दिवस सरत आले होते. भर दुपारी आत्या आल्या, गाठोडं सोडलं आणि चार लुगडी मांडली. तीन नेहमीची, हिरवं, जांभळं आणि विटकरी. चौथं कोरं होतं, काळं, लाल काठाचं. ही सगळी सहा-सहा वारांची कर म्हणाल्या. मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. मग तुम्ही नेसणार काय, असं विचारलं तर म्हणाल्या, गोल साडी, तुझ्यासारखी.

साठी गाठलेली बाई. पोरगी होती तेव्हापासून नऊवारीशिवाय अंगाला दुसरं काही लागलेलं नाही. आमच्या डोंगरातलं लुगडं तर आखूड, पिंढऱ्या मोकळ्या राहतील असं, मागं घट्ट कासोटा. त्यात चिखल तुडवता येतो, कडा चढता येतो, झाडावरसुद्धा चढता येतं. आत्या चढायच्याही.

यामागं रामनाथ होता, त्यांचा एकुलता एक लेक. भोसरीला कंपनीत कामाला, तिथंच बायको प्रतिभा आणि लहानगा समर्थ यांच्याबरोबर बिल्डिंगीत राहणारा. माघात कुशाबामामा, म्हणजे आत्यांचे मालक, गेले. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, मी पत्रावळी गोळा करत होते. तेव्हा आत्यांनी लेकाला विचारलं की घर खायला उठतं, मी तुझ्याकडं येऊ का. लेकाकडं जायला आईला विचारावं लागतं हेच मला खटकलं होतं. रामनाथ बराच वेळ पायातल्या चपलेचा अंगठा चाचपत राहिला. मग म्हणाला,

“आई, तिकडं राहायचं तर आधी गोल साडी नेसाया शिक. आमच्या बिल्डिंगीत लुगड्यातलं कुणी न्हाई.”

एवढंच तो बोलला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्याच्या बोलण्यातला ‘तर’ कुठं गळाला देव जाणे. आत्यांच्या कानात ‘राहायचं’ तेवढं राहिलं.

खरं सांगायचं तर साडीचं कारण मलाही पटलं होतं. समर्थच्या बारशाला आत्या भोसरीला गेल्या होत्या. तिथं जिन्यात कुणा बाईनं त्यांना अडवून विचारलं, मावशी, मध आणलाय का विकायला, काय भाव. आत्यांनी तिला सांगितलं, नातू बघायला आलेय, तो काही विकायचा नाही. हा किस्सा त्या इथं येऊन पोट धरधरून सांगायच्या. पण प्रतिभा म्हणे बारसंभर तोंड पाडून होती आणि रामनाथनं दोन दिवस आईकडं सरळ पाहिलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं, असेल बाबा, शहरात चारचौघांत राहायचं म्हणजे आईनं नीट दिसावं असं पोराला वाटत असेल. त्यात मला वाईट वाटलं, पण खोटं वाटलं नाही.

तरी मी आत्यांशी वाद घातला. म्हटलं, तीन कापा, एक सबंध राहू द्या. घरात नेसायला, शेतात नेसायला. त्या ऐकेनात.

“एक ठिवलं तर रोज त्येच नेसीन. मला माझी खोड ठावं हाय, लंका.”

मग कोऱ्या लुगड्यावर आमचं अडलं. ते मामांनी भीमाशंकरच्या जत्रेतनं आणलेलं. आमच्यात बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात, भाऊ घेऊन येतो. आत्यांचा भाऊ भिमाजी केव्हाच गेलेला, माहेरच्या दाराला कुलूप. तुझं तेव्हा कुणावाचून अडायला नको, म्हणून मामांनीच ते आणून ठेवलं होतं. आत्यांनी त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. त्याला कात्री लावायला माझा हात होईना. मी मशीनवरून उठले आणि आत जाऊन चुलीवर उगीच भांडं ठेवलं. त्या मागोमाग आत आल्या.

“अगं, तिकडं मेले तर तिकडच्या बाया नेसवनार. त्यांना नववारी येती का नेसवाया? बोंगा करून ठिवतील माझा. तू काप.”

शेवटी कापलं. पदराकडचे सहा वार राखले आणि आतले तीन काढून टाकले. कापड फाडताना होतो तो टर्रकन आवाज त्या दिवशी मला चार वेळा ऐकावा लागला, आणि आत्या मात्र मांडी घालून समोर बसल्या होत्या, सोयऱ्याघरी पानाला बसल्यासारख्या. उरलेल्या तीन-तीन वारांचं काय करायचं हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. समर्थला गोधडी. आजी पहिल्यांदा राहायला येती ती मोकळ्या हातानं येती का, म्हणाल्या. पुढच्या पंधरवड्यात आम्ही दोघींनी ती गोधडी शिवली. मधे हिरवं, जांभळं, विटकरी आणि चारी बाजूंनी काळ्याचा लाल काठ. टाके आत्यांचे होते. माझ्या मशीनला इतकी बारीक शिवण येत नाही.

मग शिकवणी सुरू झाली. परकर हा आत्यांचा पहिला वैरी. नाडी घट्ट बांधली तर श्वास कोंडतो आणि सैल बांधली तर सगळंच खाली येतं, आणि साडी म्हणे या एका नाडीच्या भरवशावर. एवढा भरवसा मी तुझ्या मामांवरबी टाकला न्हाई, असं त्या म्हणाल्या. गाठीची चोळी गेली, हुकांचं पोलकं आलं. निऱ्या धरता धरता त्यांची बोटं अडखळायची. विळ्यानं भरभर भात कापणारी ती बोटं, आणि साडीच्या सात निऱ्या सारख्या येईनात. मी चिडायचे, त्या पुन्हा सोडून पुन्हा नेसायच्या.

वाडीनं चेष्टा केली नसती तरच नवल. प्रयागबाई, त्यांची जुनी मैत्रीण, विचारायची की बाई, कुठल्या शाळेवर नेमणूक झाली. जानकू म्हातारा तर खरंच फसला. अंधूक नजर त्याची. वाटेत बाजूला होऊन, हात जोडून, पावणं कुठलं म्हणून विचारलं त्यानं. आत्यांनी भोसरीचं म्हणून सांगितलं. हसू आवरेना आम्हाला. त्या दिवसांत आत्या खूश होत्या हे मला कबूल केलं पाहिजे. मामा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना उद्याचं काही करायला होतं.

पण हसणं किती दिवस पुरणार. पायांचे हाल मला बघवत नव्हते. त्यांच्या पिंढऱ्यांवर गोंदण होतं, हिरवंगार, लहानपणी गोंदलेलं. ते पाय आता घोट्यापर्यंत झाकले गेले आणि त्यांना जणू वाटच दिसेनाशी झाली. पाणवठ्यावर दोनदा साडी पायात आली. आवणीला तर फारच झालं. खाचरात गुडघाभर चिखल, सगळ्यांची लुगडी वर खोचलेली, आणि आत्यांची गोल साडी चिखल पिऊन जड होत चाललेली. रोपांची जुडी घेऊन बांधावरून येताना त्या आडव्या झाल्या. मनगट सुजलं. प्रयागबाईनं आपलं जुनं लुगडं आणून पुढं केलं, हे नेस आणि गप आवणी कर म्हणाली. आत्यांनी घेतलं नाही. सवय मोडंल, म्हणाल्या, आणि सुजल्या हातानं तशाच ओळीला लागल्या. मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं.

फोन तेव्हा फाट्यावरच्या दुकानात होता. आम्ही दोघी जायचो. नंबर मी लावायचे. पहिल्या वेळी त्यांनी रामनाथला सांगितलं की मला आता येती हां नेसाया. तो बरं म्हणाला, आवणी होऊ दे. दुसऱ्या वेळी म्हणाला, गणपती होऊ दे. तिसऱ्या वेळी प्रतिभानं उचलला आणि ते कामावर गेलेत म्हणून सांगितलं. मागं कुणातरी बाईचा आवाज येत होता, पोराला खेळवण्याचा. शेजारीण असंल, असं आत्याच मला म्हणाल्या.

रामनाथचं घर तिसऱ्या मजल्यावर. बारशाला गेल्या तेव्हा आत्या लुगड्यात तो जिना सहज चढल्या होत्या, पण गोल साडीत जिना कसा चढायचा याची त्यांना धास्ती बसली. वाडीत जिना कुठला. शाळेला तेवढ्या पायऱ्या आहेत, चारच. पोरं घरी गेली की आत्या त्या पायऱ्यांवर चढउतार करायच्या. डाव्या हातानं निऱ्या जरा उचलायच्या, उजवा हात भिंतीला, वर जायचं, वळायचं, खाली यायचं, पुन्हा वर. रिकाम्या शाळेपुढं ही एकटी बाई जिना चढतेय, हे मी गोठ्यातून बघायचे. तिला तिसऱ्या मजल्यावर पोचायचं होतं.

पितरं आली. मामांचं पहिलंच पितर, रामनाथला यावंच लागणार होतं. आदल्या दिवशी आत्यांनी कोंबड्या प्रयागबाईकडं नेऊन सोडल्या. नाचणीचं पीठ दळून बांधलं. पिशवी भरली, गोधडीची वळकटी केली. काळी साडी पिशवीत सगळ्यात वर ठेवली. तिची घडी भोसरीत मोडायची, बिल्डिंगीत शिरताना तीच नेसायची, असं ठरलं होतं.

रामनाथ मोटारसायकलवर आला, एकटाच. आत्या दारात उभ्या होत्या जांभळी साडी नेसून. निऱ्या इतक्या सारख्या की मलाच अभिमान वाटला. त्यानं गाडी लावली, वर पाहिलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, आई कुठाय? मग त्याला कळलं. तो हसला नाही. त्याचा चेहरा एकदम उतरला, उधार घेतलेलं विसरून गेलेल्या माणसाला कुणी घरी येऊन परत मागावं तसा. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

नैवेद्य दाखवला, कावळ्याला घास ठेवला, कावळा शिवला. पानं वाढली. मी वाढायला होते. आत्यांनी जेवतानाच सांगितलं की माझं सगळं बांधून तयार आहे, गाडीवर मागं बसता येतं मला, एका बाजूला पाय सोडून, लंकानं दाखवलंय.

रामनाथनं हात भातातच ठेवला.

“आई, अगं मी तवा आपलं बोललो व्हतो.”

“मंजी?”

मग तो भराभर बोलायला लागला. दोनच खोल्या आहेत. प्रतिभा पॅकिंगच्या कामाला जाते, पोराला बघायला कुणीतरी लागतं, म्हणून तिच्या आईला आणलंय. आता घरात चौघं झालीत, पाचव्याला अंथरूण टाकायला जागा नाही. पुढं मोठी जागा झाली की बघू. हे सगळं तो ताटाला सांगत होता.

प्रतिभाची आई म्हणजे सारजाबाई, खाली डिंभ्याच्या बाजूच्या. आत्यांनी विचारलं, त्या कधीपासनं आहेत. आखाडापासून, म्हणाला. आखाड म्हणजे आमच्या आवणीचे दिवस. आत्या चिखलात पडल्या तेव्हा सारजाबाई भोसरीत समर्थला खेळवत होत्या, आणि फोनमागचा तो आवाज त्यांचाच होता.

आत्यांनी लेकाच्या ताटात आमटी वाढली. भांडं खाली ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

“इहीनबाई काय नेसत्यात?”

“त्यांचं काय, लुगडंच,” रामनाथ म्हणून गेला. “त्यांना ह्या वयात कुठं...”

आणि तिथं तो थांबला.

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो त्याच्या टाळक्यात घालावा असं मला मनापासून वाटलं. लुगड्यात कुणी नाही म्हणे बिल्डिंगीत. म्हणजे साडीचं कधी काही नव्हतंच. नाही म्हणायची जीभ वळली नाही, म्हणून त्यानं आईपुढं एक अशी गोष्ट टाकली जी ती या जन्मात करणार नाही असं त्याला वाटलं होतं. आणि तिनं ती केली. याला काय म्हणावं? नुसतं ‘आई, जागा नाही’ म्हटला असता तर एका रात्रीत रडून मोकळ्या झाल्या असत्या त्या. निदान त्यांची लुगडी तरी अंगावर राहिली असती.

आत्या रडल्या नाहीत. भात गार होतोय, जेव, एवढंच म्हणाल्या. तो कसाबसा जेवला.

निघताना आत्यांनी आतून गोधडीची वळकटी आणली. पिशवी तिथंच राहू दिली. त्यांनी स्वतः ती वळकटी मोटारसायकलच्या मागच्या बाजूला दोरीनं आवळून बांधली, जिथं त्या बसायच्या होत्या तिथं. रामनाथ म्हणाला, राहू दे आई, कशाला. पोराला थंडी वाजंल, त्या म्हणाल्या, आणि आणखी एक गाठ मारली. मग तो पाया पडायला वाकला. पाय साडीच्या घोळाखाली गेलेले. त्याला ते दिसेनात, दोन्ही हातांनी तो काठाखाली चाचपत राहिला. आत्यांनी साडी जराही वर घेतली नाही. तो वर उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते, हेही मी सांगते, नाहीतर मी एकाच बाजूचं बोलते असं होईल.

वळणापर्यंत मी त्याच्या मागं गेले. तिथं गाडी थांबवून तो म्हणाला, वयनी, आईकडं बघा. मी म्हटलं, भावजी, आमी रोज बघतोच, तुमी आज बघितलं ते बरं झालं. त्यानं गाडीला किक मारली. गाडीच्या मागं त्या लाल काठाची गुंडाळी हिंदकळत गेली. आत्यांच्या चारी लुगड्यांचे तीन-तीन वार भोसरीला गेले आणि सहा-सहा वार इथं राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाई कोंबड्या घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं त्या खुराड्यात सोडल्या, पायरीवर थोडा वेळ बसली आणि उठून गेली. वाडीतली चेष्टा त्या दिवशी बंद झाली, ती कायमची. मला तर वाटत होतं, कुणीतरी एखादा टोमणा मारावा. त्या गप्पपणापेक्षा तो परवडला असता.

आत्या बरेच दिवस गोल साडीतच वावरल्या. दुसरं होतं काय नेसायला. भात कापणी तोंडावर आली तेव्हा पुन्हा ते गाठोडं घेऊन माझ्या ओटीवर आल्या. यातली विटकरी मधोमध काप, म्हणाल्या. तीन वार हिरव्याला लाव, तीन जांभळ्याला लाव. दोन लुगडी होतील. दोन बास झाली. मी म्हटलं, रंगाला रंग लागणार नाही, काठाला काठ जुळणार नाही, निदान घोडेगावच्या बाजारात त्याच रंगाचं कापड बघून येऊ. त्यांनी मान हलवली. आता कुणाला दाखवायचंय, म्हणाल्या.

मी दंड घातले. फाटक्या लुगड्यांना घालते तसेच, दुहेरी शिवण मारून. दंड हा शब्द आमच्याकडं दोनच ठिकाणी कानावर येतो, शिवणात आणि चावडीवर. आत्यांचा गुन्हा काय होता ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. नेसल्यावर तो जोड मागच्या अंगाला, कासोट्याशेजारी यायचा. पुढून बघणाऱ्याला हिरवं लुगडं दिसायचं. पण आमच्या वाटा अरुंद, एकामागं एक चालायच्या. रानात हिरड्याला जाताना जी बाई आत्यांच्या मागं असायची तिच्या डोळ्यांपुढं सगळा वेळ तो विटकरी तुकडा असायचा, आणि आत्यांची लुगडी का कापली गेली ते तिला पुन्हा आठवायचं. मी पुष्कळदा पुढं चालायचे.

उरली काळी. दंडाचं लुगडं पहिल्यांदा नेसून आल्या त्या दिवशी ती पिशवीतून काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. घडी तशीच होती, माझ्या कात्रीची कड तेवढी नवी. मी म्हटलं, हिलाही तीन वार जोडते, दुसरं कापड शोधते, तुमची शेवटची नेसायची आहे ती. त्यांनी माझा हात धरला. दंडाचं लुगडं जित्या माणसानं नेसायचं, मेलेल्याच्या अंगावर ते चालत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी बोलून गेले होते.

“तुला घे,” त्या म्हणाल्या. “गोलच हाय, तुला हुईल. घडी तू मोड.”

आमच्यात नव्या साडीची घडी मोडायला देतात ती आपल्या माणसाला. बहिणीला, लेकीला. मी नाही म्हणू शकले नाही. तिथंच आत जाऊन ती नेसले आणि बाहेर आले. काळा रंग मला कधी शोभत नाही, पण त्या टक लावून बघत राहिल्या. मग उठल्या, माझ्या पायाशी खाली बसल्या आणि निऱ्या नीट करायला लागल्या. मीच शिकवलेल्या निऱ्या. एक-एक चिमटीत धरून, सारख्या, न अडखळता. दंडाच्या लुगड्याखाली त्यांच्या पिंढऱ्यांवरचं गोंदण दिसत होतं. वरून मला त्यांचा विरळ झालेला भांग दिसत होता, आणि मला राहवेना.

“आत्या, मग तुमच्या वक्ताला काय नेसवायचं आमी?”

त्यांनी मान वर केली नाही.

“रामनाथ आनील की,” त्या म्हणाल्या. “तवा तरी त्याला नववारीच आनावी लागंल.”

आणि त्यांनी माझी शेवटची निरी सारखी केली.